खुर्ची मावेल अशी गाडी

आजीने हट्टाने एक कुरूप गाडी घेतली, असं तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं म्हणे. फोटो बघून तुम्ही हसलात, त्याचं मला काही नाही. गाडी कुरूप आहेच. पण ‘हट्ट’ हा शब्द मला लागला. म्हणून काय घडलं ते क्रमाने लिहिते. राग अजून गेलेला नाही. तो जाण्याची वाट बघत बसले तर लिहिणं व्हायचंच नाही.

आजोबांचा उजवा हात आणि पाय पक्षाघाताने लुळा पडला, हे तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, पहिले काही महिने व्यायाम रोज झाला पाहिजे. खाडा पडला तर सुटलेले सांधे पुन्हा आखडतील. व्यायामाचं केंद्र घाटकोपरला, आम्ही मुलुंडला. टॅक्सी बोलावली की यायची, आणि चाकांची खुर्ची बघून ड्रायव्हर मान हलवायचा. त्याचंही खोटं नव्हतं. इथल्या टॅक्सी गॅसवर चालतात आणि गॅसचा सिलिंडर असतो डिकीत. एकाने तर मला सुचवलं, “आजी, मांडीवर घेऊन बसा ना खुर्ची.” मी त्याला म्हटलं, तू घे, मी चालवते.

ते मी नुसतं बोलायचं म्हणून बोलले नव्हते. निवृत्त होईपर्यंत मुलुंड ते ट्रॉम्बे मी रोज स्वतः गाडी चालवत गेले आहे. तेव्हा ठरवलं, जुनी का होईना, मोठी गाडी घ्यायची. तुमचा बाबा फोनवर म्हणाला, “आई, अमेरिकन कंपनीची बघ. ऐसपैस असते.” त्याचं हे म्हणणं बरोबर होतं.

साकीनाक्याला जुन्या गाड्यांच्या एका यार्डात तशा दोन मिळाल्या. एक सेदान: काळी, लांबलचक, चकचकीत. दुसरी वॅगन: टप थेट मागपर्यंत सपाट, मागचं दार वर उघडणारं, रंग पाणचट चहाचा. कंपनीने इथला कारभार गुंडाळलेला, त्यामुळे दोन्हींना गिऱ्हाईक नव्हतं. सुटे भाग कुर्ल्याला मिळतात, याची चौकशी मी आधीच केली होती.

माझ्यासोबत भावजी आले होते, म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. भावजींना गाडी चालवता येत नाही. जन्मभर त्यांनी शेजारच्या सीटवर बसून “लेफ्ट घे, लेफ्ट घे” केलंय. पण यार्डवाला सगळं त्यांनाच सांगत होता.

“साहेब, इंजिन एकदम झकास आहे.”

“गाडी मी चालवणार आहे,” मी म्हटलं.

“हो ना, काकी!” तो म्हणाला आणि पुन्हा भावजींकडे वळला. “साहेब, काकींना एसी चालू करून दाखवू?”

मी खुर्ची बरोबर नेली होती. दुकानात चप्पल पायात घालून बघतो, तशी ती दोन्ही गाड्यांत घालून बघितली. सेदानची डिकी खोल होती, पण तोंड अरुंद. खुर्ची काठावरून उचलून, तिरकी करून आत सोडावी लागली, आणि त्याला दोन माणसं लागली. वॅगनमध्ये मी एकटीने पुढची चाकं टेकवली आणि ढकलली. गेली आत. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

भावजींच्या दृष्टीने तो तेव्हा सुरू झाला. “वहिनी, काय हे! ही शववाहिका वाटते. दादाला यातून न्यायचं? सोसायटीत लोक पटापट खाली येतील, कोण गेलं विचारत.”

घरी आल्यावर आजोबांसमोर व्हिडिओ कॉल लागला. इकडून भावजी, तिकडून तुमचा बाबा. सेदानला रुबाब आहे. सेदानची डिकी केवढी मोठी आहे. आजारी माणसाच्या घरी असली अशुभ गाडी नको. मी म्हटलं, खुर्ची मी एकटी उचलणार आहे. “वॉचमन उचलेल ना, आई!” घाटकोपरला आमचा वॉचमन येणार होता का? पण माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आधी दोघांचं ठरलंसुद्धा.

त्यानंतर भावजी रोज “होतंय, होतंय, कागदपत्रं आहेत” सांगत राहिले. तोवर व्यायामाला कधी जाणं झालं, कधी नाही. शेवटी मुहूर्त बघून ते सेदान घेऊन आले. चालवायला यार्डातला माणूस. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, हातात पेढे.

“वहिनी, डोळे मिटा. सरप्राइज आहे!”

त्यांनी डिकी उघडली. आत नवाकोरा, पांढरा गॅसचा सिलिंडर. आडवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“रोज घाटकोपर म्हणजे पेट्रोल परवडेल का तुम्हाला? म्हटलं, बसवूनच आणू.”

जी डिकी मोठी म्हणून ती गाडी निवडली, ती डिकी त्यांनी भरून टाकली होती. मी विचारलं, “भावजी, खुर्ची?” ते म्हणाले, “टपावर कॅरियर लावू.” मी इतकी ओरडले की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. आजोबा दारात खुर्चीवर बसून होते, शर्ट घालून, तयार. त्यांना त्या दिवशी घाटकोपरला जायचं होतं. ते एवढंच म्हणाले, “अगं, वॅगन गेली का विकली?”

त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

वॅगन विकली गेली नव्हती. ती सेदान चालवत मी एकटी साकीनाक्याला गेले. यार्डवाला सिलिंडर बघून खूश झाला. “काकी, टॅक्सीवाले उड्या मारतील याच्यावर!” त्याने अदलाबदल करून दिली, पण तेव्हाही विचारलंच, “साहेब नाही आले?” मी म्हटलं, साहेबांना गाडी येत नाही. चावी द्या.

पहिल्या दिवशी खुर्ची मी ढकलली, दार खाली ओढलं, आणि आम्ही वेळेवर पोहोचलो. तिथल्या मुलीने आजोबांचा उजवा हात धरून सावकाश वर नेला. आधी तो कानापर्यंत जात होता. आता खांद्याशीच अडला. “मध्ये बरेच खाडे झाले ना,” ती म्हणाली. “पुन्हा पहिल्यापासून करू.”

आजोबा हो म्हणाले. मी बाहेर येऊन बाकावर बसले, कारण तिथे थांबले असते तर त्या बिचारीवरच ओरडले असते. हात आता पुन्हा वर चाललाय, इंचाइंचाने. बाबाला हे सांगा, आणि त्याला विचारा, हट्ट कुणाचा होता.