अण्णा ‘छान’ म्हणाले तेव्हा

मुंबईची सकाळची गाडी फलाटाला लागली तेव्हा अण्णांनी माझ्या पाठीवरची सॅक उघडली, कंपास काढला, त्यातलं खोडरबर उचललं आणि स्वतःच्या खिशात टाकलं. पोरगी चार वर्षांसाठी जर्मनीला चाललीय, आई तोंडाला पदर लावून उभी आहे, आणि हा माणूस झडती घेतोय. “तिकडं कोणी बघायला नाय म्हणून खोडत बसशील,” एवढंच बोलले. गाडी हलली तरी ते माझ्याकडं न बघता डब्याच्या चाकांकडं बघत होते. मला लई राग आला होता.

अण्णा वाळूजच्या एका कंपनीत टूलरूमला फिटर होते आणि आम्ही बजाजनगरात दोन खोल्यांत राहायचो. आजोबा पडेगावच्या पुढं मेंढरं राखायचे. मेंढरामागं वाढलेल्याची नजर पक्की असते, असं अण्णा सांगायचे आणि तेवढ्यात स्वतःची तारीफ करून घ्यायचे. सुट्टीच्या दिवशी मला स्कूटरवर बसवून ते वेरूळला न्यायचे. बाकीची माणसं कैलास लेण्यापुढं फोटो काढायची, अण्णा मात्र एखाद्याच्या हातचं काम तपासल्यागत बघायचे. “एकाच खडकातनं, वरून खाली कोरत आलेत. चुकलं तर बदलायला दुसरा पार्ट नाय. काढलेला दगड परत बसत नसतो, माय.” मग वही माझ्या हातात. मीही वरून सुरू करायचं, खोडायचं नाही, चूक झाली तर तिच्यासकट पुढं जायचं. आमच्या घरात एक वेळ खोटं बोललेलं खपलं असतं, खोडलेलं नाही.

इथं जर्मनीत मी राहते त्या गावात एक जुनं चर्च आहे. दाराच्या दोन्ही अंगांना दगडी संत उभे आहेत. रविवारी आम्ही सात-आठ जण फोल्डिंगचे स्टूल आणि थर्मास घेऊन स्केचिंगला बसतो. बाकीचे आधी फिकट पेन्सिलीनं जमिनीची रेघ मारतात, मापं घेतात. मी मनोऱ्याच्या टोकापासून थेट पेननं सुरू करते. मग कागद संपतो आणि संतांचे पाय राहून जातात. ग्रुपमधल्या एक आजी विचारतात, तुझे संत चालणार कसे? खरी लाज वेगळीच आहे. आमच्या शहरातल्या जुन्या भडकल दरवाजापाशी मी कितीदा रिक्षा बदलली असेल, एकदाही मान वर करून बघितलं नाही. इथं मात्र कोणाच्याही जिन्याचा कठडा काढत बसते. दगड जर्मनमधून प्रश्न विचारत नाहीत, म्हणून असेल.

काढलेलं प्रत्येक स्केच व्हॉट्सॲपवर अण्णांना जायचं आणि उलट टपाली त्यांच्या आवाजात शिव्या यायच्या. “उजवा खांब दोन सूत झुकलाय. वारा सुटला होता का?” “ह्या बाईचा कोपर उलटा बसवलास.” मी चिडायचे, मग पट्टी लावून बघायचे. खांब झुकलेलाच असायचा. चार वर्षांची सहा झाली, पण एकदाही चांगलं म्हणाले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात थंडीनं बोटं बधिर झालेली असताना मी एक घंटाघर काढलं. ते इतकं वाकडं झालं होतं की शेंबड्या पोरालाही कळलं असतं. अण्णांचं उत्तर आलं, “छान आहे.” मी हातातला घास खाली ठेवला. मग मुद्दाम दुसऱ्या स्केचचा फोटो उलटा पाठवला, छप्पर खाली, पायऱ्या वर. “लई छान.”

आईला फोन लावला. आधी ती भाजीचे भाव सांगत राहिली, मग रडली. अण्णांना काचबिंदू होता. दोन वर्षं नजर कमी होत चालली होती, आता समोरचं माणूस सावलीएवढंच दिसत होतं आणि गेलेली नजर परत येणार नव्हती. “तू काम सोडून येशील म्हणून शपथ घातली होती मला,” आई म्हणाली. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना हे माहीत आहे. घरचे आपल्यापासून आजार लपवतात, आणि आपणही त्यांच्यापासून.

मी घरी गेले. अण्णांनी आवाजावरून ओळखलं आणि लगेच सुरू झाले, “येऊन काय करणार? डोळ्यात बल्ब बसवणार?” मी कायमची येते म्हटलं तर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझी स्केचबुक मांडीवर घेऊन उगाच पानं चाळत होते, तर एका पानाच्या मागच्या बाजूला त्यांचं बोट अडलं. तिथं मी पेन दाबून चालवला होता. टूलरूममध्ये याच बोटानं ते घासलेल्या लोखंडावरचा उंचवटा सांगायचे. बोट हळूहळू रेघेवरून वर गेलं. “कमान हाय व्हय ही?” त्यांनी विचारलं.

मी परत जर्मनीला आले. राहण्यासाठी आले की नाही, ते अजून ठरवलेलं नाही. आता जाड कागद घेते, खाली गोधडीचा तुकडा घालते आणि साध्या बॉलपेननं जोर देऊन काढते, म्हणजे रेघा मागून उठतात. मागून वाचायचं असल्यामुळं त्यांचं डावं ते माझं उजवं. पाकीट पोचायला तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस माझं कशातच लक्ष लागत नाही. बोटांनाही नाही कळलं तर?

परवा आईनं फोन लावून त्यांच्या हातात दिला. चार दिवस ते पान घेऊन बसले होते म्हणे. “डाव्या अंगाची कमान खाली बसलीय. म्हणजे तुझी उजवी. घाई केलीस.” इथं कोणी घर कुठंय विचारलं की मी आजवर नकाशा दाखवायचे. माझी चूक त्या दोन खोल्यांत ओळखू येतेय, तोवर मी तिथलीच. फोन ठेवताना अण्णा म्हणाले, “छान नाय जमलं. परत काढून पाठव.” सहा वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.