मागितला की परत

हेलनबाई साळवे यांचा राग श्रीरामपुरात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दवाखान्यात त्या वॉर्डाच्या सिस्टर होत्या तेव्हा मोठे डॉक्टरसुद्धा बूट पुसून आत यायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बाजारात भाजीवाली त्यांना लांबून पाहिलं की किडकी वांगी आपणहून बाजूला काढते. 'सिस्टर आल्या' असं म्हणताना लोकांच्या आवाजात आदर किती आणि धास्ती किती, ते सांगणं कठीण. पण हा राग उगाचचा नव्हे. बाईंना दिखाव्याची चीड आहे, आणि दिखाव्याला हल्ली कुठेच तोटा नाही, म्हणून त्यांच्या रागालाही सुट्टी मिळत नाही.

जन्म तिसगावचा. वडील मास्तर. घरात दोन गोष्टींना माफी नव्हती, रविवारची उपासना चुकवणं आणि दिलेला शब्द फिरवणं. नर्सिंग शिकून त्या श्रीरामपुरात आल्या आणि रेल्वेतल्या शलमोन साळव्यांशी त्यांचं लग्न झालं. शलमोन म्हणजे माणूस नव्हे, सावलीतला माठ. बाईंचा कितीही भडकलेला राग त्यांच्यापाशी येऊन निवायचा. शेवटची दोन वर्षं शलमोन अंथरुणाला खिळले, तेव्हा बाईंनी दवाखान्यात असतो तसला लोखंडी पलंग घरी आणला. हँडल फिरवलं की पाठीकडची बाजू वर यायची. थंडीच्या दिवसांत ते हँडल हाताला नकोसं व्हायचं, म्हणून बाईंनी त्याच्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. पुढे शलमोन गेले आणि पलंग तेवढा राहिला. रिकाम्या पलंगाकडे बघवत नव्हतं, आणि तो विकायचं नुसतं मनात आलं तरी बाईंना स्वतःचाच संताप यायचा.

तेवढ्यात सहयोग सेवा क्लबाची मंडळी दारात आली. क्लबाला महिला सदस्य हव्या होत्या. बाईंनी चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही करता काय?"

"सेवा," अध्यक्ष रविराजशेठ म्हणाले. हार्डवेअरचं मोठं दुकान, कडक इस्त्रीचा सफारी, बोलणं मधासारखं.

"मग हा पलंग घ्या. ज्याला गरज आहे त्याला द्या. बरा झाला की परत आणा, पुढच्याला द्या."

बाई सदस्य झाल्या आणि क्लबाचं रुग्णसाहित्य केंद्र ते असं सुरू झालं. पुढे कुणी कुबड्या दिल्या, कुणी वॉकर, कुणी चाकाची खुर्ची. सगळं बाईंच्या व्हरांड्यात. भाडं नाही, अनामत नाही. न्यायला आलेल्या माणसाला बाई समोर उभं करायच्या, त्याच्या डोळ्यांत बघायच्या आणि एकच वाक्य वदवून घ्यायच्या, "सिस्टरनी मागितला की परत." एवढाच करार. आणि सांगायला हवं, इतक्या वर्षांत एक काठीसुद्धा बुडाली नाही. बाईंना शब्द देऊन तो मोडायची छाती तालुक्यात कुणाची नव्हती.

क्लबाची सभा दर गुरुवारी संध्याकाळी मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरते. टेबलावर पितळी घंटा आणि लाकडी हातोडी. अध्यक्षांनी घंटा वाजवली की सभा सुरू. मग अध्यक्षांच्या परवानगीशिवाय कुणी बोलायचं नाही. शेवटची घंटा झाली की सगळ्यांनी उठून राष्ट्रगीत म्हणायचं आणि मग जेवण. मधल्या वेळात काय होतं? एकमेकांचे वाढदिवस होतात, एकमेकांना गुलाब दिले जातात, मागच्या कार्यक्रमाचे फोटो बघितले जातात आणि पुढच्या कार्यक्रमाचे फोटो कसे काढायचे ते ठरतं. दवाखान्यात सफरचंदं वाटायला गेले तेव्हा एका सफरचंदाला सात हात लागले होते आणि पेशंट बिचारा फोटोत कुठं दिसतच नव्हता. बाईंनी तेही सोसलं. व्हरांड्यातून वस्तू जातायत, येतायत, कुणाच्या तरी पाठीला आराम पडतोय, तेवढ्यासाठी त्या दर गुरुवारी दात आवळून खुर्चीत बसायच्या.

या वर्षी प्रांतपालांची, म्हणजे प्रांतातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुखांची, भेट ठरली. क्लबाच्या जगात प्रांतपाल म्हणजे नवरदेवाचा बाप. त्यांना पुढच्या गावी जायचं होतं म्हणून सभा दुपारीच घ्यायची ठरली. आधीच्या गुरुवारी रविराजशेठ म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी रुग्णसाहित्याचं लोकार्पण करू. सगळं सामान हॉलमध्ये मांडा."

"सामान नाही," बाई म्हणाल्या. "सगळं लोकांकडं गेलंय."

"म्हणजे प्रांतपालांना रिकामा व्हरांडा दाखवायचा?"

"दाखवा की. रिकामा आहे म्हणजे काम चाललंय. त्याच्यापरीस चांगलं काय दाखवणार तुम्ही?"

सभेत हसू पिकलं. रविराजशेठही हसले, सचिव कल्याणही हसले. बाईंना वाटलं विषय मिटला. चुकलंच त्यांचं. गोड माणूस हसून गप्प बसला की समजावं, त्याने आपलंच खरं करायचं ठरवलंय.

भेटीच्या दिवशी बाई हॉलमध्ये शिरल्या आणि दारातच थबकल्या. स्टेजच्या पायथ्याशी एक पलंग उभा होता. त्याच्यावर पांढरी शुभ्र चादर, चारी खांबांना झेंडूच्या माळा, आडवी लाल रिबीन. आणि हँडलवर सायकलची काळी ट्यूब.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा पलंग पुणतांब्यात छबूबाईंकडे होता. छबूबाई गोठ्यात घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं, वय झालेलं. कुशीवर वळायचं म्हटलं तरी पाठीकडची बाजू उचलल्याशिवाय जमत नव्हतं. पाठीला जखम होऊ लागली होती, ती पलंग मिळाल्यावर कुठं सुकायला लागली होती. मागच्याच आठवड्यात बाई स्वतः जाऊन बघून आल्या होत्या.

"कल्याण," त्यांनी सचिवाला दंडाला धरून बाजूला घेतलं, "हा पलंग इथं कसा?"

"टेम्पो पाठवला होता, सिस्टर. संध्याकाळी परत पोचवतो की. चार तासांचा तर प्रश्न."

"आणि त्यांनी दिला?"

कल्याण इकडे तिकडे बघायला लागले. "दिला म्हणजे... आम्ही फोन केला. सिस्टरनी मागितलाय म्हणून सांगितलं. लगेच दिला बिचाऱ्यांनी."

 एखाद्याने घरात शिरून बाईंचं लुगडं नेसून बाजारात मिरवावं, तसं त्यांना झालं. ज्या शब्दावर त्यांनी इतकी वर्षं व्हरांडा चालवला, तो शब्द या माणसांनी एका फोटोसाठी वापरला होता. बाई कल्याणवर बरसणार तोच टेबलावर घंटा वाजली.

"घंटा झाली, सिस्टर," कल्याण सुटका झाल्यासारखे म्हणाले. "आता बसा."

बाई बसल्या. कशा बसल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक. प्रार्थना झाली, स्वागत झालं, शाली झाल्या. प्रांतपालांचा परिचय इतका लांबला की खुद्द प्रांतपालच घड्याळ बघायला लागले. बाईंना समोर दिसत होता तो फक्त पलंग, आणि त्याच्याकडे बघताना दिसत होतं पुणतांब्यातलं शेणाने सारवलेलं घर आणि त्या जमिनीवर पडलेली म्हातारी. त्या उठून उभ्या राहिल्या. "अध्यक्षमहाराज, मला बोलायचंय."

"कार्यक्रमानंतर, सिस्टर," रविराजशेठ माइकवरून गोड आवाजात म्हणाले. "सभेचे काही नियम असतात."

दोन-चार जणांनी मागे वळून बघितलं, कुणीतरी बाईंच्या पदराला धरून हळूच खाली ओढलं. रविराजशेठ पुढे बोलत होते, "आज आपण हा अत्याधुनिक पलंग गरजू रुग्णांसाठी अर्पण करतोय..." त्यांनी तबकातली कात्री उचलली, प्रांतपालांना पुढे यायची खूण केली. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला.

सभेचे नियम. बरं. हेलनबाई तरातरा चालत टेबलाशी गेल्या, हातोडी उचलली आणि घंटेवर अशी हाणली की समोरचा पाण्याचा ग्लास हलला.

आता मजा बघा. या माणसांना वर्षानुवर्षांची सवय. दुसरी घंटा झाली की उठायचं. कुणी विचार केला नाही, कुणाला सुचलाही नाही. खुर्च्या सरकल्या, अख्खा हॉल ताठ उभा राहिला आणि मागच्या रांगेतून एका खणखणीत आवाजाने राष्ट्रगीत सुरू झालं. एकदा सुरू झालेलं ते थांबवणार कोण? पाहुणे उभे, फोटोग्राफर उभा, आणि रविराजशेठ रिबिनीसमोर हातात उघडी कात्री घेऊन लालबुंद तोंडाने उभे. बाईंनीही अक्षर न् अक्षर म्हटलं, कारण त्या गीताचा काही दोष नव्हता.

शेवटचा जयजयकार झाला आणि बाई म्हणाल्या, "सभा संपली. आता परवानगी लागत नाही. हा पलंग अर्पण झालेला आहे. पुणतांब्याच्या छबूबाईंना. त्यांच्या अंगाखालून काढून आणलाय आणि त्या आत्ता जमिनीवर पडल्यात. कापा तुमची रिबीन."

 प्रांतपालांनी हातातला गुच्छ टेबलावर ठेवला आणि रविराजशेठांकडे बघून एवढंच विचारलं, "खरं आहे का हे?" रविराजशेठांच्या तोंडातला मध आटला होता.

बाईंनी माळा ओरबाडून काढल्या. टेम्पो खाली उभाच होता. पलंग उचलायला आधी कुणी पुढे येईना, मग कल्याणच आले, मान खाली घालून, आणि त्यांच्यामागून आणखी तिघे. जिन्यात रविराजशेठांनी गाठलंच. "सिस्टर, क्लबाचं नाव घालवलंत तुम्ही."

"क्लबाचं नाव सांगून आणला असतात तर निदान तेवढं तरी खरं झालं असतं," बाई म्हणाल्या. "नाव तुम्ही माझं सांगितलंत, रविराजशेठ. ते कोण भरून देणार?"

त्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या. वाटेभर ड्रायव्हरने तोंड उघडलं नाही. शहाणा होता.

पुणतांब्यात पोचेस्तोवर उन्हं कलली होती. छबूबाई खालीच होत्या, दोन गोधड्यांवर, भिंतीकडे तोंड करून. कूस बदलता येत नव्हती म्हणून सकाळपासून त्याच एका अंगावर. मुलगा बन्सी उशाशी बसून वारा घालत होता. बाईंना बघून तो धडपडत उठला.

"बन्सी, अरे तू दिलास कसा पलंग? आईची अवस्था दिसत नव्हती का तुला?" दारातूनच बाई कडाडल्या.

"म्या न्हाई म्हनत हुतो, सिस्टर," बन्सी म्हणाला. "आईच ऐकंना. सिस्टरला शबूद दिलाय म्हनली. मागितला की परत."

छबूबाईंनी कसंबसं तोंड वळवलं. दुखण्याने डोळ्यांत पाणी होतं, तरी हात जोडले. "तुमाला लई गरजवंत कुनी भेटला आसंल, म्हनून मागितला आसंल. माझ्यापरीस जास्ती आजारी. हाय ना वो? बरं हाय का त्याला आता?"

हेलनबाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. दिवसभर जो राग रविराजवर होता, कल्याणवर होता, अख्ख्या हॉलवर होता, तो आता कुणावर धरावा ते त्यांना कळेना. चोरांनी चावी वापरली खरी, पण चावी बाईंनीच घडवली होती. ज्या कराराचा त्यांना एवढा तोरा, त्याच करारापायी ही म्हातारी मुकाट्याने जमिनीवर पडून राहिली होती, आणि वर कुठल्याशा आजारी माणसाची विचारपूस करत होती. खरं सांगायची बाईंना लाज वाटली, तरी त्यांनी सांगितलं. फोटोसाठी नेला म्हणून सांगितलं. आपण मागितलाच नव्हता, हेही सांगितलं.

छबूबाईंनी जोडलेले हात सोडले. मग म्हणाल्या, "फोटूसाठी व्हय." एवढंच. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

ड्रायव्हर आणि बन्सीने पलंग आत आणून जागेवर लावला. बाई आणि बन्सीने मिळून छबूबाईंना अलगद वर घेतलं. बाईंनी पाठीची जखम बघितली. पुन्हा ओली झाली होती. ती पुसताना त्या दात आवळून म्हणाल्या, "आता नीट ऐका. करार बदलला. चालायला लागेपर्यंत हा पलंग कुणी मागितला तरी द्यायचा नाही. क्लबाने मागितला तरी नाही. मी मागितला तरी नाही."

"तुमी मागितला तरी?"

"मी तरी. म्हणा तोंडाने."

"सिस्टरनी मागितला तरी न्हाई," छबूबाई म्हणाल्या.

बाईंनी जखमेला पट्टी केली, हँडल फिरवून पाठ वर घेतली. पलंग भिंतीला अगदी चिकटला होता, पलीकडून चादर खोचता येईना. त्या सहज म्हणाल्या, "जरा पलंग इकडे घेते हां," आणि ओढायला लागल्या.

छबूबाईंनी दोन्ही हातांनी पलंगाची दांडी घट्ट धरली. "न्हाई," त्या म्हणाल्या, आणि सोडेचनात.