बोटी सोडून बाकीची पणजी

दरवर्षी पणजीला जाऊन कॅसिनोच्या बोटींकडे पाठ करून उभा राहणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत एकच आहे, आणि तो आमचा घरमालक आहे. तुम्ही म्हणाल, असेल कोणी माळकरी सज्जन. छे हो! मटणाशिवाय त्याचा रविवार उगवत नाही आणि गणपतीत रमीला बसला की समोरच्याला रडवूनच उठतो. कोपरखैरण्याच्या गावठाणात त्याची इमारत आहे, तिसऱ्या मजल्यावर मी भाड्याने राहतो. सगळं गाव त्याला दादूस म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. पण पणजीचं नाव काढलं की या गड्याच्या अंगात काय संचारतं, देव जाणे.

गावठाणातली पुरुषमंडळी थंडीत मिनीबस करून पणजीला जातात. का जातात ते बायकांनाही माहीत असतं. दादूसचा धाकटा भाऊ, पन्नाशी उलटली तरी ज्याला सगळे बारक्याच म्हणतात, त्याने एके काळी वाटणीला आलेले गाळे त्या बोटींवर घालवले. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. दादूसने स्वतः जाऊन हातापाया पडून तिला परत आणली, पण तिने सगळ्यांदेखत सांगितलं, ‘‘याने बोटीवर पुन्हा पाय ठेवला, तर मी या घरान नाय.’’ मग त्याला तिकडे नेताच कशाला, असं मी न राहवून विचारलं होतं. दादूसने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘‘सर, घरान कोंडला तर एक दिवस एकटाच पलंल. त्यापेक्षा मीच नेतो ना! बोटी सोडून पन पणजी हायच की. ती त्याला कोनी दाखवलीच नाय.’’

ही बाकीची पणजी दाखवण्याची दादूसची पद्धत म्हणजे निव्वळ छळ आहे, आणि तो मी सोसलेला आहे, कारण ‘बारक्याला शिकलेल्या मानसाची संगत पायजे’ म्हणून तो मलाही ओढून नेतो. भल्या पहाटे सगळे घोरत असताना हा आम्हा दोघांना उठवून मासळीबाजारात उभा करतो. प्रत्येक माशाचा कल्ला उचलून बघतो, नाक लावतो, मान डोलावतो. एकदा एका कोळणीने वैतागून विचारलं, ‘‘घ्यायचं काय तुमका?’’ हा शांतपणे म्हणाला, ‘‘घ्यायचा नाय बाय, भेटायला आलोय.’’ ती इतकी हसली की तिने आम्हाला चहा पाजला. तिथून जुन्या वस्तीतली निळी-पिवळी घरं. लोक तिथे फोटो काढतात, दादूस भिंती ठोकून बघतो. इमारतींत आयुष्य गेलेला माणूस! एका दोनशे वर्षांच्या घराच्या ओसरीवर बसलेल्या म्हातारबाबांना त्याने मोठ्या आदराने विचारलं, ‘‘बाबा, याला ओसी भेटली का?’’ ओसी म्हणजे घर राहण्याजोगं असल्याचा पालिकेचा दाखला, हे त्यांना समजावता समजावता आमची जेवणं त्यांच्याकडेच झाली. मग जेवण जिरवायला चर्चच्या पायऱ्या, त्या उतरलो की टेकडी. संध्याकाळी नदीत बोटींवर दिवे लागायचे तेव्हा बारक्या लॉजच्या खाटेवर मेल्यासारखा पडलेला असायचा. दादूस माझ्याकडे बघून डोळा मारायचा.

पण एक ठिकाण होतं जिथे दादूसची घाई संपायची. पणजीबाहेर अजून मिठागरं आहेत. दोघा भावांचं लहानपण खाडीकाठच्या आगरात गेलं, तिथे आता आमचे सेक्टर आहेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा दादूसने चपला बांधावर काढल्या, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ओळखदेख नसलेल्या आगरवाल्याच्या हातातून फळी मागून घेऊन तो मीठ ओढायला लागला. बारक्या मुकाट्याने त्याच्या मागोमाग उतरला. दोघंही बोलत नव्हते. बापाची खोड म्हणे अशीच होती, आगरात बोलायचं नाही. मी बांधावर बसून बघत राहिलो, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला या खुळ्या माणसाचा फार अभिमान वाटला.

यंदा मात्र दादूसच्या गुडघ्यांनी संप केला. जिना उतरायचा तर दोघांनी धरावं लागतं, पणजीच्या टेकड्या कुठल्या! बारक्या म्हणाला, मीपण राहतो. दादूस ऐकेना. ‘‘मी संगती हाय म्हनूनच बोटीवर जायचा नाय, तर ते सोडला नव्हं,’’ म्हणाला. बस सुटताना माझा हात धरून एवढंच बोलला, ‘‘सर, लक्ष ठेवा.’’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लॉजवर आंघोळ करून, दुपारी झोपायला गेलेल्या बारक्याच्या खोलीत डोकावलो तर खाट रिकामी. बाकीची मंडळी बोटींवर गेलेली. तेवढ्यात दादूसचा फोन. ‘‘बारक्या काय करतंय?’’ मी धडधडीत खोटं बोललो, ‘‘झोपलाय,’’ आणि ओल्या केसांनी धक्क्याकडे पळत सुटलो. बोटींवर जाणाऱ्या लोकांच्या रांगेत एकेक तोंड न्याहाळलं. तो नव्हता. आता त्याच्या बायकोला काय तोंड दाखवू, असं मनात येतंय तोच शेजारच्या धक्क्याला पलीकडच्या तीरावरून फेरीबोट लागली. माणसं उतरली, स्कूटर उतरल्या. बारक्या कठड्याला धरून आतच उभा.

मी चढलो. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती. ‘‘लॉजवर बसवंना सर,’’ तो म्हणाला. ‘‘पाय तिकडंच वलत होतं. हिला तिकीट नाय, म्हनून चढलो. पलीकडं गेलो, परत आलो. आता हिकडं उतरायची हिंमतच होत नाय. उतरलो का समोर बोटीच. दुपारपासनं असाच फिरतोय.’’

मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. फेरी पुन्हा निघाली. त्याने फोन काढून स्पीकरवर दादूसला लावला आणि सगळं खरं सांगितलं, माझं खोटंसुद्धा. पलीकडून शिव्या येतील म्हणून मी मान खाली घातली, पण दादूस विचारत होता, ‘‘पानी चढतंय का उतरतंय?’’

‘‘चढतंय, दादूस.’’

‘‘बगलं बसलं आसतील, बघ.’’

‘‘बसल्यात. चिखलातल्या खाजनाच्या झाडांवर.’’

असं बराच वेळ चाललं. वारा कुठला, मीठ लागतं का ओठांना. फेरी या काठाला लागली, त्या काठाला लागली, आम्ही उतरलो नाही. शेवटी बारक्याने फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, ‘‘दादूस, काळजी करू नका. मी आहे इथं.’’

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

‘‘मंग आजून थोडा टाइम फिरा सर,’’ तो म्हणाला. ‘‘फोन नका ठेवू. मला पन तेवढाच फिरल्यासारखा वाटतंय.’’