नळ बंद करून रडावं

फ्रेंच सिनेमा संपून दिवे लागले, की आमचे दस्तगीर वकील उठायचे आणि शाळेच्या हॉलमधल्या फळ्यावर खडूनं एका ओळीत निकाल लिहायचे. लातूरच्या आमच्या फिल्म मंडळातले निम्मे लोक त्या ओळीसाठीच जागे राहत. उरलेल्यांना आम्ही निकालाच्या वेळी हलवून उठवायचो.

‘सगळे दुःखी. कामधंदा कुणालाच नाही.’ ‘शेवट कळला नाही, सुरुवातही कळली नव्हती, म्हणून तक्रार नाही.’ असले निकाल! पण नांदेडहून एसटीनं रिळांचे डबे आणायचे तेही हेच, लेकरू आणावं तसे मांडीवर घेऊन. मी त्याच शाळेत मास्तर. एकदा विचारलं, “एवढा वैताग येतो, तर आणता कशाला?”

“गुरुजी, कोर्टात जिंदगीभर दुसऱ्याचे निकाल ऐकून राहिलो. आपला निकाल द्यायला ही एकच जागा हाय.”

जिल्हा नवा झाला, तसे नवे शिक्षणाधिकारी साहेबही आले. पुण्याचे. शाळेचा हॉल त्यांच्या शब्दावर मिळायचा, म्हणून ते आल्याआल्या मंडळाचे अध्यक्ष झाले. फ्रेंच त्यांनाही येत नव्हतं, पण मान छान डोलावता यायची. त्या दुष्काळी उन्हाळ्यात त्यांनी स्वतः निवडलेला सिनेमा लागला. नवरा सोडून गेलेली बाई लेकराला बाजूच्या खोलीत निजवते, स्वयंपाकघरात येऊन नळ फुल्ल सोडते आणि रडत बसते. आम्ही टँकरच्या रांगेतून थेट आलेले! “अगं माय, नळ बंद कर की!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळा हॉलच ओरडायला लागला. बाईचं पुढं काय झालं, देव जाणे.

वकिलांनी लिहिलं: ‘बाईनं रडावं, पण नळ बंद करून.’

साहेब लालबुंद. “हा अडाणीपणा आत्ता पुसा, नाहीतर यापुढे हॉल विसरा!”

“पुसतो की. ओला फडका लागंल. पाणी आणता?”

टाळ्या कडाडल्या. हॉल गेला, मंडळ मेलं. टाळ्या वाजवणारे आम्ही शूरवीर आपापल्या घागरींकडे परतलो. वकील मात्र संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन नांदेडची गाडी येईपर्यंत नुसते बसायचे.

पुढं ते अंथरुणाला खिळले. भेटायला गेलो, तर माझा हात धरून म्हणाले, “गुरुजी, तो निकाल चुकला आपला. लेकराला रडणं ऐकू जाऊ नाही म्हणून नळ सोडला हुता तिनं. लई मोठा पिक्चर हुता तो.”

त्यांनी हात आणखी घट्ट दाबला.

“पण त्या साहेबाला सांगू नका.”