आधी चप्पल दाखव

नेरच्या बसस्टँडमागे हनीफभाईंचं गॅरेज होतं. तिथं गाडी नेली की ते बॉनेटला हात लावायचे नाहीत. आधी मालकाला स्टुलावर बसवायचे आणि हात पुढे करून म्हणायचे, "चप्पल दाखव. उजवी." मग चष्मा कपाळावर ढकलून चपलेचा तळ न्याहाळत राहायचे. एरवी ज्यांना अख्खा तालुका रामराम घालतो अशी माणसं तिथं एक पाय वर धरून गुमान बसलेली मी पाहिली आहेत. एका साहेबांचे बूट कोरे करकरीत निघाले, तर त्यांना सांगितलं, "जुने घालून उद्या या." आणि साहेब दुसऱ्या दिवशी खरंच आले.

"गाडी खोटं नाही बोलत, मालक बोलते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हनीफभाई जाऊन आता दोन वर्षं झाली. ते खोटं कसं पकडायचे हे मला अनुभवाने ठाऊक आहे, कारण पकडला गेलेला मालक मीच.

माझा गुरांच्या ढेपेचा, म्हणजे सरकीच्या पेंडीचा धंदा. मालाची ने-आण करायला एक पिकअप आणि तिच्यावर सहा वर्षांपासून गजानन नावाचा ड्रायव्हर. एका उन्हाळ्यात गाडीला रोग जडला. एरवी सरळ चालायची, पण वेगात असताना ब्रेक दाबला की स्टेअरिंग थडथडायचं आणि हात खांद्यापर्यंत हलायचे. मी चाकांचं बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, टायर बदलले. फरक पडेना. गाडीत दोष सापडत नाही म्हणजे तो माणसात असणार, हा माझा मोठा शास्त्रीय शोध! भर बाजाराच्या दिवशी, दुकानासमोर, हमाल आणि गिऱ्हाइकांच्या देखत मी गजाननला म्हणालो, "तुला ब्रेक मारता येत नाही. गाडीची वाट लावलीस. किल्ली ठेव आणि चालता हो." त्याने किल्ली ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून गाडी मी स्वतः चालवू लागलो. ती तशीच थडथडत होती. आता दोष कोणाला द्यावा, हा मोठा पेच पडला. शेवटी हनीफभाईंकडे गेलो आणि चप्पल काढून दिली.

त्यांनी ती उलटसुलट केली, दाबून पाहिली. "झिजली नाही. पण फुगली हाय. पाण्यात राह्यते का बे तू?"

मी अभिमानाने सांगितलं, "गाडी खेपेवरून आली रे आली की मी पाइप घेऊन चाकं धुतो. स्वतःच्या हाताने. सहा महिने झाले, एक दिवस चुकवला नाही."

"धुतानी चुर्र आवाज येते?"

"येतो की. छान वाटतं."

हनीफभाईंनी चप्पल हळूच खाली ठेवली. "बाप्पा!" एवढंच म्हणाले.

मग गाडी जॅकवर घेतली आणि पुढचं चाक खोललं. ब्रेकच्या डिस्कजवळ खडूचा तुकडा अगदी स्थिर धरला आणि डिस्क हाताने फिरवली. खडूची रेघ अर्ध्या गोलावर उमटली, उरलेला अर्धा कोरा.

"पाह्य. वाकडी झाली. गाडी गर्दीतून ब्रेक मारत येते, डिस्क तापून लाल होते, अन् तू वरून थंड पाणी मारतं. बायकोच्या तापल्या तव्यावर मारून पाह्य, तवा काय म्हनते ते." मग खडू खिशात टाकत म्हणाले, "गजानन सर्विसिंगले आला तवा त्याची चप्पल पाह्यली होती मी. सारखी झिजेल हाय. तो मानूस ब्रेक बरोबर मारते."

माझा चेहरा उतरला. मी म्हणालो, नव्या डिस्क टाका. ते म्हणाले, टाकतो. "पन टेस्ट गजानन घेईन. तुले गाडीची थडथड कळली नाही, ना ड्रायवर कळला. तुह्यावर काय भरोसा?"

बाभुळगावला गजाननच्या घरी गेलो. दार लोटून घेतलं आणि चूक माझी होती म्हणून सांगितलं. त्याच्या बायकोने चहा दिला, माझ्याकडे न बघता. गजानन म्हणाला, "हनीफभाईनं बोलावलं तं येतो."

तो आला. त्याने गाडी रस्त्यावर काढली, वेग घेतला, ब्रेक दाबला. स्टेअरिंग हललं नाही. मला हायसं वाटलं. गॅरेजवर परतल्यावर मी मोठ्या मनाने जाहीर केलं, "उद्यापासून ये कामावर."

"नाही शेठ," गजानन म्हणाला. "काढलं तवा अख्ख्या बाजारासमोर काढलं. चूक कबूल कराले मात्र घरात आले, दार लावून. आजबी लोक मले इचारते, काहून रे, ब्रेक माराले शिकला का?"

मी हनीफभाईंकडे पाहिलं. ते रॉकेलने हात धूत होते. "बरोबर बोलून राह्यला," ते म्हणाले. "हे काम माह्या गॅरेजातलं नाही."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. समोर तेच हमाल, तीच गिऱ्हाइकं. एका बाजूला गजानन मान खाली घालून उभा. गॅरेज सोडून कधी कुठे न जाणारे हनीफभाई गर्दीच्या मागे येऊन उभे राहिले होते. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू? कसंबसं पुटपुटलो, "गाडी मी बिघडवली होती. गजाननने नाही."

संपलं एकदाचं म्हणून मी पायरी उतरायला लागलो, तेवढ्यात मागून हनीफभाईंचा आवाज आला, "जोरात बोल, शंकर! मांगं आयकू येऊन नाही राह्यलं."

मी पुन्हा पायरी चढलो.