घरात राहील अशी जोडी

राजेश्वरी माझी पुतणी. तिचे वडील म्हणजे माझे मोठे दीर. सगळं घर त्यांना आबा म्हणतं. फौजेत हवालदार होते आणि नोकरीची शेवटची बरीच वर्षं गुलमर्गला जवानांना स्की शिकवत होते. त्यामुळे ही पोर वाढली ती तिकडच्या क्वार्टरमध्ये, आणि धड सायकल यायच्या आधी तिला बर्फाचा उतार यायला लागला. तिचा धाकटा भाऊ वीरधवलही शिकला, पण त्याला सरळ, दाबून गुळगुळीत केलेला उतारच आवडायचा. फोटो निघाला की त्याचं स्कीइंग संपलं.

आबा पेन्शनवर पलूसला आले, तरी राजीचा बर्फ सुटला नाही. कॉलेज झाल्यावर दर हिवाळ्यात ती हिमाचलात पर्यटकांच्या गटांबरोबर मदतनीस म्हणून जायची, भाड्याच्या स्कीवर. प्रशिक्षकाचा कोर्स पास झाली असती तर स्वतःचा वर्ग मिळाला असता. घरात स्थळं बघणं सुरू झालं होतं. आबांनीच एकदा जेवताना सांगितलं, "तू पास हो. मग दोन वर्षं या घरात लग्नाचं नाव निघणार न्हाई. माझा शब्द." राजीच्या हातातला घास तसाच राहिला होता.

कोर्ससाठी स्वतःची जोडी घ्यायची ठरली. आबा आणि ती मोबाइल मधे ठेवून बसले. मी शेजारी शेंगा फोडत होते.

"सकाळी उतार कडक असतोय, दुपारी बाजूला मऊ बर्फ, आणि जास्त लोक गेले की नुसते उंचवटे," राजी सांगत होती. "अरुंद घेतली तर मऊ बर्फात रुततीया. लय रुंद घेतली तर कडक उतारावर वळायला उशीर. म्हणून मधल्या रुंदीची. टोक जरा उचललेलं. उभी केली की माझ्या नाकापर्यंत यावी, आणि माझ्या वजनाला वाकावी."

"बरोबर," आबा म्हणाले. शाळेतला गुणी मुलगा फळ्यावरचं गणित सोडवतोय आणि मास्तर बघतायत, असा त्यांचा चेहरा होता.

तेवढ्यात वीरधवल वाकून बघायला लागला. "आन् मी? ती तर माझ्या छातीला यील. खेळण्यातली."

"दोघांना चालंल अशी घ्यावी की," जाऊबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. आमच्याकडे चप्पलसुद्धा दोघांच्या पायांचा विचार करून घेतात.

आबांनी अंगठ्यानं पडदा वर सरकवला. त्याच स्कीची सगळ्यात लांब जोडी उघडली, आत धातूचा पत्रा असलेली, कडक.

"आबा, ही माझ्या डोक्याच्या वर जाती."

"चांगलं येणाऱ्याला लांब चालती."

"चालती. पण वजन बघून."

आबांनी मोबाइल स्वतःकडे ओढला. मग मोबाइलकडे बघतच म्हणाले, "तू उद्या सासरी जाणार. वस्तू घरात राहील अशी घ्यावी."

"मग ऱ्हाऊ द्या. मी तितं भाड्याची घीन."

"घरची नवी जोडी सोडून? माझी वळखीची माणसं हायत तितं. काय म्हणतील?"

वीरधवलच्या मापाची जोडी आली. वीरधवल त्या हिवाळ्यात मित्रांबरोबर गोव्याला गेला.

राजी नापास झाली. पडली नाही, हात-पाय मोडले नाहीत. रुंद उतारावर ती लांब जोडी छान पळत होती म्हणे. पण कडक स्की वेगात ऐकते, हळू चालवली की ऐकत नाही, आणि शिकवणाऱ्याला तर नवख्याच्या चालीनं, सावकाश वळून दाखवावं लागतं. तिथं ती अडली. पुढं झाडांमधल्या उंचवट्यांत तर प्रत्येक वळणाला उशीर.

घरी आली तेव्हा आबा अंगणात होते. त्यांनी 'काय झालं' असं विचारलंच नाही. विचारलं, "सावकाश वळताना स्कीचं शेपूट सुटत न्हवतं ना?"

म्हणजे जोडी घेतानाच त्यांना ठाऊक होतं.

राजीनं बॅग खाली ठेवली. "आबा, तुमी नव्या जवानांना स्की देताना आधी काय बघायचा?"

"माणूस," आबा म्हणाले.

"मग मला का न्हाई बघितलं?"

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पुढच्या साली तुझ्या मापाची घेऊ."

"पुढच्या साली मी या घरात आसंन व्हय?"

जाऊबाईंनी पाण्याचा तांब्या आणला, म्हणून तो विषय तिथं थांबला. पण आबांचा शब्द पास होण्यापुरता होता, आणि फौजेतला माणूस शब्दाला पक्का. पाटणचं स्थळ महिन्याभरात ठरलं. जयराज बँकेत आहे, शांत आहे. त्याच्यात खोट काढायला मला जागा नाही. राजीनंही काढली नाही. हो म्हणाली आणि ब्लाउजची मापं द्यायला गेली.

लग्नादिवशी रुखवत मांडायला आम्ही बायका पहाटेपासून होतो. लाडू, करंज्या, कापसाची बैलजोडी, पितळी भांडी. आबा आत आले ते ती जोडी खांद्यावर घेऊन. पुसून लख्ख केलेली. टेबलाच्या मागे भिंतीला त्यांनी ती स्वतः उभी केली आणि राजीच्या नावाची चिठ्ठी चिकटवली.  डोळे तांबडे होते. पोरीला आता तरी काहीतरी द्यावं, एवढंच त्या माणसाच्या मनात असणार, हे मला दिसत होतं. आणि तरी मला त्यांचा राग आला.

दुपारी वरमाई पाहुण्या बायकांना घेऊन रुखवत बघायला आल्या. राजी शालू नेसून बाजूला उभी होती. "आगं, हे फळीसारखं काय म्हणायचं?" वरमाईंनी विचारलं. "तुला येतंय व्हय हे?"

आबा दारातच उभे होते.

राजीनं चिठ्ठी काढली, हातातल्या हातात घडी घातली.

"माझं न्हाई ते, आत्या," ती म्हणाली. "भावाचं हाय. चुकून मांडलंय."