भावाच्या दाखल्यावर भरती झालेला जवान

एकाहत्तरची लढाई संपली आणि मला कामठीला पाठवलं. पायात छर्रा राहिला होता, म्हणून बसून करायचं काम दिलं. कागद! मला कागदांचा भारी कंटाळा. एप्रिलमध्ये अॅडज्युटंट साहेबांनी एक फाइल पुढे टाकली. "शिपाई नामदेव. घरच्यांनी मृत्यूची तार परत केलीय. तुझ्याच सेक्शनचा ना? जाऊन बघ."

तारेवर पोस्टमननं शेरा मारला होता: नामदेव जिवंत आहे, घरीच आहे. म्हटलं, ही काय थट्टा! नामदेव माझ्या डोळ्यांदेखत पडला होता. पूर्वेच्या आघाडीवर, सकाळी पाच चाळीसला. आम्ही नाला ओलांडत होतो, तो सर्वांत पुढे. डावीकडे मला मशीनगन दिसली. मी ओरडलो, "नामदेव, डाऊन!" आम्ही सगळे आडवे झालो. तो दोन सेकंद तसाच उभा राहिला.

ऑपरेटरनं वायरलेस सेट उचलला. "वन कॅज्युअल्टी. फेटल. ओव्हर."

"रॉजर. कीप मूव्हिंग. आउट."

आम्ही पुढे गेलो.

बसनं खापरखेड्याला उतरलो आणि गावापर्यंत लंगडत गेलो. दार उघडलं ते पॉवर हाऊसमध्ये कोळशावर काम करणाऱ्या एका माणसानं. नुकताच पाळीवरून आला होता.

"नामदेव कोण?"

"मीच जी."

मी पडलेल्या जवानाच्या पे-बुकातला फोटो काढून दाखवला. तो भिंत धरून खाली बसला. "हळू बोला साहेब, माय घरात हाय. हा शेषराव, माहा लहान भाऊ. त्याले फौजेत जायाचं होतं, पन शाळा तिसरीतच सुटली होती. मीच माहा दाखला देल्ला."

"मग तार का परत केली?"

"काय करू जी? सरकारले सांगू का आमी फसवलं? आन् मायले कोन्त्या तोंडानं सांगू?"

चार महिने हा गडी आईशेजारी बसून जेवत होता, आणि ती रोज शेषरावच्या पत्राची वाट बघत होती. असा संताप आला की एक थोबाडीत ठेवून द्यावी. पण तो लहान पोरासारखा रडायला लागला. मी हात आवरला.

आतून म्हातारी आली. "कोन हाय गा? माया शेषरावची खबर आनली काय?"

आघाडीवर मी एवढा घाबरलो नव्हतो. म्हणालो, "आई, शेषराव लढाईत गेला."

ती रडली नाही. फोटो हातात घेतला आणि पदरानं पुसत राहिली. मग म्हणाली, "तुमी होते तिथं?"

"होतो."

"शेवटी कोनी हाक मारली काय त्याले? त्याच्या नावानं?"

तेव्हा ते दोन सेकंद माझ्या ध्यानात आले. भर गोळीबारात मी त्याच्या भावाला हाक मारत होतो.

फौजेत मी कधी खोटा रिपोर्ट दिला नाही. तिला म्हणालो, "मारली, आई. मीच मारली. शेषराव म्हणून."

कामठीला येऊन साहेबांना सगळं खरं लिहून दिलं. कागद फिरत राहिले. दोन वर्षांनी युनिटमधल्या शहिदांच्या पाटीवरचं नाव दुरुस्त झालं. मी पाटीसमोर सावधान उभा राहिलो, सॅल्यूट केला आणि मोठ्यानं हाक मारली, "शेषराव!" त्या नावानं मी त्याला पहिल्यांदाच हाक मारली.